पक्षाच्या शटरमागे आमची कॉट

माइक हातात आला की माझं डोकं बंद पडतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाहेर मात्र मी ‘आवाजाचा माणूस’ म्हणून ओळखला जातो. नोकरी बेलापूरला, एका शिपिंग कंपनीत कंटेनरचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवण्याची. तिथे आवाज लागत नाही. दिवसभर तो साठतो आणि संध्याकाळी कामोठ्यात बाहेर पडतो. सोसायटीचा गणपती झाला, ज्येष्ठांची कोजागिरी झाली, आणि मग एक दिवस पक्षाने बोलावलं.

पक्षाचं नाव सांगत नाही. सांगून फायदाही नाही, कारण आता ते दोघांकडे आहे, कंसात वेगवेगळी शेपटी लावून. आपल्या राज्यापुरता, आपल्या मातीचा, आपल्या माणसांचा वगैरे पक्ष. मी गेलो तेव्हा तो एकच होता. कामोठ्यात गावठाण संपून सेक्टर सुरू होतो त्या कोपऱ्यावर त्याचं कार्यालय. एक गाळा, त्याला शटर, आणि शटरवरच्या फ्लेक्सवर खांद्याला खांदा लावून हसणारे दोघं, शेठ आणि भाऊ.

शेठ मूळ गावचे. वडिलांची भातशेती गेली, तिथे आता आमच्यासारख्यांच्या इमारती आहेत, आणि शेठचं नावड्याला रेती-सिमेंटचं गोडाऊन आहे. भाऊ घाटावरचे. पाण्याचे टँकर चालवतात. एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने तिथे पाणी पुरवायचं, अशी त्यांची युती निसर्गनियमानेच झाली होती. कार्यक्रम त्यांचे, आवाज माझा. दोघांना ‘विकासाचे दोन डोळे’ मीच म्हणायला लागलो. पुढे तो शब्द त्यांनी फ्लेक्सवर छापला आणि खाली माझं नाव टाकलं नाही. याचं मला दुःख झालं नाही असं मी सगळ्यांना सांगत असे.

आता कॉटकडे येतो.

माझे वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांच्यासाठी दवाखान्यात असते तशी हँडल फिरवून डोकं-पाय वरखाली करायची लोखंडी कॉट घेतली होती. ते हँडल आईने दोन वर्षं फिरवलं. वडील गेल्यावर कॉट हॉलमध्ये राहिली. पाहुणे तिच्यावर बसायला बिचकायचे. कार्यालयात तेव्हा पक्षाने आजारी माणसांसाठी वॉकर, व्हीलचेअर, कुबड्या असं सामान ठेवायला सुरुवात केली होती; लागेल त्याने न्यायचं, बरं झाल्यावर परत आणायचं. शेठ मला म्हणाले, “कॉट देऊन टाका. मोठा कार्यक्रम करू. फ्लेक्सवर तुमचा फोटो.”

फोटो म्हटल्यावर मी पुढचं ऐकलं नाही.

आई तेव्हा शिमग्याला गावी, संगमेश्वरकडे गेली होती. मी तिला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती. कार्यक्रम झाला. सूत्रसंचालन अर्थातच माझं. “यानंतर मी विनंती करतो,” मी माइकवर म्हणालो, “या सोहळ्याचे दाते, एक निःस्वार्थ व्यक्तिमत्त्व...” आणि स्वतःचं नाव घेऊन, माइक खाली ठेवून, मंडपाला वळसा घालून, टाळ्या वाजत असताना पलीकडून चालत आलो. बायको तिसऱ्या रांगेत होती. तिने पदर तोंडाला लावला तो भावनेने, असं मला वाटलं होतं. कॉटच्या पायाकडे ‘सप्रेम भेट’ आणि माझं नाव असलेली पत्र्याची पाटी स्क्रूने बसवली गेली. फ्लेक्सवर माझा फोटो उजव्या खालच्या कोपऱ्यात आला, आणि दोरी ओवायचं भोक नेमकं माझ्या कपाळात पडलं.

आई परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, “कॉट कुठाय?”

“समाजाला दिली.”

“समाज आजारी आहे काय?”

मग आत जाता जाता म्हणाली, “लागली असती मेल्या. माझं काय आता धावायचं वय आहे?”

पुढच्या वर्षी पक्ष फुटला. वर मुंबईत फुटला तो दुपारी. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत पोचला. मधला वेळ शेठ आणि भाऊ कार्यालयात टीव्हीसमोर एकत्रच बसले होते म्हणतात, कोण कुठल्या बाजूला जाणार ते ठरवत. संध्याकाळी बाहेर आले ते एक निष्ठावंत आणि एक गद्दार असे. कोण कुठला, हे तुम्ही शेठचं सिमेंट घेता की भाऊंचं पाणी पिता यावर होतं.

भांडण झालं ते कार्यालयावरून. शटरला खाली दोन बाजूंना दोन कड्या असतात. डाव्या कडीला शेठनी कुलूप घातलं. सकाळी भाऊंनी येऊन उजव्या कडीला घातलं. दोन्ही कुलपांना पक्षाच्या रंगाची चिंधी बांधली होती, आणि रंग दोघांचा एकच असल्यामुळे नंतर कार्यकर्त्यांनाही आपलं कुलूप कुठलं ते जागेवरून ओळखावं लागे. मामला वर न्यायालयात आहे, तिकडे निकाल लागला की इकडे शटर उघडेल, असं दोघंही सांगत. आत वॉकर, व्हीलचेअर, आणि आमची कॉट.

आणि मग आई पडली. स्टुलावर चढून पापडांचा डबा काढत होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण काही आठवडे उठवता-बसवता येईल अशी कॉट लागेल.

“भाड्याने मिळते,” बायको म्हणाली. “तळोज्याच्या रस्त्याला दुकान आहे.”

आई दवाखान्याच्या पलंगावरून म्हणाली, “भाड्याच्या कॉटवर मी झोपणार नाही. तिच्यावर कोण कोण मेलं असेल कोणाला माहीत. माझी कॉट आण. तिच्यावर कोण मेलं ते तरी मला माहीत आहे.”

“आई, ती कुलपात आहे.”

“मग मी डोंबिवलीला जाते.”

डोंबिवलीला माझी बहीण राहते. गेली वीसेक वर्षं, आईला कोण नीट सांभाळतं, या विषयावर आमची अघोषित निवडणूक चालू आहे आणि आजवर जागा माझ्याकडे होती. एकदा आई ॲम्ब्युलन्समधून डोंबिवलीला गेली असती तर ती परत आली नसती, आणि बहिणीने ते मला प्रत्येक भाऊबीजेला ओवाळताना ऐकवलं असतं. शिवाय, खरं सांगायचं तर, आई नसलेल्या घरात मला झोप लागत नाही. हे दुसरं कारण मी त्या वेळी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी आधी शेठकडे गेलो.

“तुमच्यासाठी कधीही,” शेठ म्हणाले. “माझी बाजू आता उघडतो. फक्त आधी त्या गद्दाराला त्याचं कुलूप काढायला सांगा.”

“तुम्ही आधी काढलंत तर?”

“मी आधी काढलं म्हणजे त्याचं कुलूप मी मान्य केलं. कार्यकर्त्यांना काय तोंड दाखवू?”

मग भाऊंकडे. भाऊ टँकर भरणाऱ्या पाइपाजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आईची चौकशी केली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, “आई म्हणजे काय, सगळ्यांचीच आई. त्या गद्दाराने आधी काढू दे, पुढच्या मिनिटाला माझं निघतंय बघा.”

शहाण्या माणसाने इथे थांबून तळोज्याचा रस्ता धरला असता. माझ्यातला सूत्रसंचालक जागा झाला. दोघांनी एकाच वेळी काढलं तर कोणीच आधी नाही, हा विचार मला रिक्षात सुचला आणि तो इतका थोर वाटला की मी उतरताना सुटे पैसे घ्यायला विसरलो. रविवारी सकाळी दोघांनी शटरपाशी यायचं, मी तीन आकडे मोजायचे, दोघांनी किल्ली फिरवायची. दोघंही तयार झाले. “शांततेत,” दोघंही म्हणाले. मी एक छोटा स्पीकर आणि माइक घेऊन गेलो. का, असं बायकोने विचारलं होतं. तीन आकडे मोजायला माइक कशाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण माइक होता.

रविवारी दोघंही आले, शांततेत, पन्नास-पन्नास माणसं घेऊन. गर्दी पाहिली आणि माझं डोकं बंद पडलं. एक-दोन-तीन म्हणायच्या ऐवजी मी गेल्या पाच वर्षांच्या सवयीने सुरू झालो: “उपस्थित बंधू-भगिनींनो, आता मी शटरजवळ आमंत्रित करतो आपल्या सर्वांचे लाडके, पक्षाचे एकमेव अधिकृत अध्यक्ष...”

आणि श्वास घ्यायला थांबलो.

दोघंही पुढे आले. दोघांचा एकेक पाय एकाच वेळी पायरीवर पडला. मागून घोषणा सुरू झाल्या. घोषणा मूळ पक्षाच्याच असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या सारख्याच होत्या, तेव्हा कोण कोणाच्या विरोधात ओरडतंय ते कळत नव्हतं. पण ओरडणाऱ्यांना कळत असावं, कारण ते एकमेकांच्या अंगावर गेले. स्पीकर पडला. शेठच्या गाडीचा ड्रायव्हर, चांगला उंचापुरा माणूस, शेठना वाचवायला मधे शिरला आणि पायरीवरून हातावर पडला. मनगट मोडलं. पोलीस आले. हवालदारांनी सगळ्यांना पांगवलं, दोन्ही कुलपांकडे बघून मान हलवली, आणि शटरच्या मधोमध असलेल्या तिसऱ्या कडीला पोलिसांचं कुलूप घातलं. वर पांढरं फडकं आणि लाख.

शटरला मधे कडी असते हे मला त्या दिवशी कळलं.

“तू कुलपं काढायला गेला होतास ना?” आई म्हणाली. डिस्चार्ज बुधवारी होता. बहिणीने फोन करून ‘आमच्याकडे हॉलमध्येच जागा केलीय’ असं कळवलं होतं. तिच्या आवाजात सहानुभूती होती, जिंकत आलेल्या उमेदवाराच्या आवाजात असते तशी.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली आणि दुपारी कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेलो. एखाद्या खिडकीतून कॉट दिसली तरी पुरे, एवढंच मनात होतं. काय करणार होतो बघून, कोण जाणे. गाळ्याच्या मागे गावातलं जुनं कौलारू घर आहे. तिथे शेठची म्हातारी मावशी राहते. गाळ्याची जमीन तिचीच. ती अंगणात साडीच्या तुकड्यावर जवळा वाळत पसरत होती, दिवाळे कोळीवाड्याहून आणलेला.

“कोनाला बघतंस?” तिने मान वर न करता विचारलं.

“आत आमची कॉट आहे मावशी. माझ्या आईला हवीय. पण कुलूप...”

“कुलूप पुढल्या दाराला हाय. मागलं दार उघडंच हाय.”

मी तिच्याकडे बघत राहिलो.

“ते दोगं पन मागनंच येतान,” ती म्हणाली. “माजे हातचा भात खातान, निजतान. जा, पर चपला भायेर काढ. सारवलंय.”

मी चपला काढल्या. तिच्या स्वयंपाकघरातून दोन पायऱ्या चढल्या की एक लाकडी दार, ते ढकललं. आत पंखा फिरत होता. वर्षभर उघडं नसलेल्या कार्यालयात तळलेल्या बोंबलाचा ताजा वास होता. समोर माझ्या वडिलांची कॉट. तिच्यावर शेठ, गंजीफ्रॉकवर, डोळे मिटून. पायाकडे माझ्या नावाच्या पाटीशेजारी उकिडवे बसून भाऊ हँडल फिरवत होते.

“अजून थोडं वर,” शेठ म्हणाले. “हां. बस. तिथंच दुखतंय.”

“मी सांगतोय कवापासून, एमआरआय करा,” भाऊ म्हणाले. “मणका सरकला की मग रडाल.”

“निवडणूक झाल्यावर बघू.”

मग भाऊंनी मला पाहिलं. हँडल तसंच हातात. शेठनी डोळे उघडले. वर पंखा कुरकुरत होता.

“दार लावा,” शेठ म्हणाले.

मी लावलं.

“काय बघितलंत?”

“कॉट,” मी म्हणालो.

“आणि?”

“आणि काही नाही.”

शेठ भाऊंना म्हणाले, “हुशार आहे.” माझ्या हुशारीचं या पक्षात झालेलं हे एकमेव कौतुक.

वाटाघाटी झाल्या. त्यांना कॉट द्यायला हरकत नव्हती. तीन कुलपांच्या आतून ती बाहेर कशी आली हे कार्यकर्त्यांना काय सांगायचं, एवढीच अडचण. भाऊ म्हणाले, “पोरं आमच्यासाठी जीव टाकतात हो. त्यांना असं कळलं तर वाईट वाटेल त्यांना.” हे ते इतक्या कळकळीने म्हणाले की क्षणभर मलाही पटलं. मग रविवारचा ड्रायव्हर आठवला, पायरीवर बसून डाव्या हाताने उजवा हात धरलेला. मी ते बोललो नाही. बोलायला हवं होतं, पण समोर कॉट होती आणि दुसऱ्या दिवशी बुधवार होता. त्याऐवजी मी माझं नेहमीचं काम केलं, म्हणजे दोघांना शोभेल असा मजकूर शोधला. कॉट कार्यालयातली नाहीच, असं सांगायचं मी सुचवलं. ही नवीन कॉट. शेठनी दिली असं शेठनी सांगावं, भाऊंनी दिली असं भाऊंनी. दोघांचे लोक एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा ताळा कोण करणार.

दोघं एकमेकांकडे बघून हसले. अगदी जुन्या फ्लेक्ससारखे.

“पण शब्द द्या,” शेठ म्हणाले. “हे दार तुम्ही कोणाला सांगायचं नाही.”

मी शब्द दिला.

कॉट मावशीच्या स्वयंपाकघरातून, तिच्या शिव्या खात, मागच्या गल्लीत उभ्या केलेल्या टेम्पोत चढली. वर झाकायला कोपऱ्यातला एक जुना फ्लेक्स मिळाला. ‘विकासाचे दोन डोळे’ माझ्या कॉटवर पसरून, कामोठ्यातून हसत हसत आमच्या सोसायटीपर्यंत आले.

बुधवारी आई घरी आली. कॉटवर पडली, हाताने कडा चाचपल्या, आणि पहिलं वाक्य बोलली, “हिला बोंबलाचा वास कसा येतो?”

आता, मी शब्द पाळणारा माणूस आहे. पण आईने एकदा प्रश्न विचारला की तो शब्द पाळणं माझ्या हातात राहत नाही. चहा होईपर्यंत तिला सगळं कळलं होतं, गंजीफ्रॉकसकट.

संध्याकाळी शेठ आले, फोटोग्राफर आणि चार माणसं घेऊन. कॉटच्या पायाकडे माझ्या पाटीवर त्यांच्या गटाचा स्टिकर लागला. आईसाठी शाल आणि श्रीफळ. फोटो काढणं चालू असतानाच आई म्हणाली, “बाळ, जरा डोकं वर कर बघू माझं.” शेठनी पाठ सांभाळत वाकून हँडल फिरवलं. चार माणसांनी टाळ्या वाजवल्या.

ते गेले, तासाभराने भाऊ आले. स्टिकरवर स्टिकर. दुसरी शाल, दुसरा नारळ.

“तुमच्याआधीच येऊन गेले ते,” आई गोड आवाजात म्हणाली. “थांबले असते तर दोघांना एकदमच चहा केला असता. की दुपारचा झालाय तुमचा?”

भाऊंचं हसू जागच्या जागी राहिलं. फोटोग्राफरने नेमका तेव्हाच क्लिक केला.

“डोकं खाली कर जरा,” आई म्हणाली. “त्याने जास्तच वर केलं.”

भाऊंनी केलं, सराईत हाताने.

महिन्याभरात आई वॉकर धरून चालायला लागली. डोंबिवलीची बहीण येऊन कॉट बघून गेली आणि ‘स्टिकर फार आहेत’ एवढंच म्हणाली. तिचा पराभव तिने दिलदारपणे स्वीकारला नाही, पण स्वीकारला. डॉक्टरांनी बाहेर फिरायला परवानगी दिली तेव्हा आई म्हणाली, “कोपऱ्यावर ने. माझा फोटो लागलाय म्हणतात.”

लागला होता. एक नाही, दोन. बंद शटरच्या डाव्या बाजूला शेठचा फ्लेक्स, ‘आम्ही बोलत नाही, करून दाखवतो’. उजव्या बाजूला भाऊंचा फ्लेक्स बांधणं चालू होतं, मजकूर तोच, फक्त ‘आम्ही’च्या जागी ‘आम्हीच’. दोन्हीत आई, एकीकडे हुकूम सोडताना, एकीकडे टोमणा मारताना, तोंड दोन्हीकडे उघडं. मी दोन्ही वेळा कॉटच्या उशाशी उभा होतो. डावीकडे माझं कोपर आलंय. उजवीकडे मी नाही, पण मी धरलेला नारळ आहे.

शिडीवर चढून उजव्या फ्लेक्सची दोरी ओढत होता तो शेठचा ड्रायव्हर. म्हणजे पूर्वीचा. प्लास्टर घातलेल्या हाताने गाडी चालत नाही, म्हणून शेठनी दुसरा ठेवला होता. आणि शेठनी काढला म्हणून भाऊंनी ठेवला होता, फ्लेक्स बांधायला. पक्षांतर म्हणतात ते हेच असावं. दोरी तो दातात धरत होता.

“आजी, फोटो मस्त आलाय,” तो वरून म्हणाला.

आई वॉकरवर दोन्ही हात टेकून त्याच्याकडे बघत राहिली. “हात कसा आहे तुझा?”

“वाकडा जुळलाय म्हणतात. परत मोडून बसवायला लागेल.”

“ते दोघं आले बघायला?”

“ते बिझी असतात हो आजी. शेठ भेटत नाहीत, मी आता इकडचा ना. आणि भाऊ म्हणतात, तू मुळात तिकडचा.” हे तो तक्रारीच्या सुरात नाही म्हणाला. पावसाबद्दल बोलावं तसं म्हणाला.

मी आईच्या दंडाला हात लावला. मी शब्द दिला होता, तिला ते माहीत होतं. तिने माझा हात अंगावरचं झुरळ झटकावं तसा झटकला.

“हे बघ बाळ,” ती म्हणाली, “आत्ता दुपार आहे. मागल्या अंगाला जा. म्हातारीला सांग, भात खायला आलोय. चपला बाहेर काढ. दोघं एकदम भेटतील.”

त्याने आईकडे बघितलं, मग बंद शटरकडे, तीन कुलपांकडे, मग माझ्याकडे. मी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होतो.

दोरी दातातून सुटली. फ्लेक्स एका कोपऱ्याने लटकला, भाऊ उलटे झाले, आई आडवी. तो शिडीवरून एकेक पायरी उतरला, मोडका हात छातीशी धरून, आणि गाळ्याला वळसा घालून मागे गेला. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याने चपला काढून हातात घेतल्या.

“त्या बाहेर ठेवायच्या असतात,” मी म्हणालो.

“असू दे,” आई म्हणाली. “हातात बऱ्या.”